तुटला म्हणतात तो दोर

यंदा कारवी पुन्हा फुलली आहे. सात-आठ वर्षे मुकी आणि हिरवी उभी असलेली ती झुडपे एकाएकी निळीजांभळी होतात आणि भिवपुरीच्या वरचा सगळा डोंगर अंगावर वळ उठल्यासारखा दिसू लागतो. मुंबईहून लोक बघायला येतात. स्टेशनात उतरतात, रुमालाने घाम पुसतात, डोंगराकडे बोट करून "अहाहा" म्हणतात. मग वारा फिरतो आणि तोच रुमाल नाकावर जातो. "काय हो, इथे काय मेलंय?" त्यांच्यातल्या एकाने परवा मला विचारले.

मेलेले काही नाही. माझी अंबाडी कुजते आहे.

उभी असताना अंबाडी बरी दिसते. पिवळे फूल, मधे लालकाळा डोळा. पण तिच्या अंगातला वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, हवा असेल तर तिला पाण्यात दडपून, वर धोंडे ठेवून सडवावी लागते. डबक्याचे पाणी आधी हिरवे होते, मग काळे होते, मग त्याच्यावर साय धरते आणि त्या सायीतून बुडबुडे येत राहतात. मांडीभर पाण्यात उतरून पेंढी वर काढली की साल शेंबडासारखी बोटांना लागते. तो वास एकदा हाताला चिकटला की शिमग्यापर्यंत जात नाही. या दिवसांत माझे पान घरात वेगळे मांडतात. बायको म्हणते, "तुमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा." मी बसतो. तिच्या हातातल्या पाटल्या याच घाणीतून आल्या आहेत, पण ते बोलून दाखवले की घरात कोणी माझ्याशी बोलत नाही, म्हणून गिळतो आणि जेवतो.

खरे म्हणजे या वासाचे मला काही वाटत नाही. ती उघडी घाण आहे. लपत नाही, गोड लागत नाही. जे सडायचे ते सडून जाते आणि उरते ते धुऊन, आपटून, उन्हात टाकले की पांढरे स्वच्छ निघते. मला किळस येते ती मधाची. कारवीच्या मधाचे नाव काढले तरी घशाशी येते. लोक पोळे पिळून बोटे चाटतात, त्यात चिरडलेल्या माश्या असतात, अळ्या असतात, धुराची राख असते, आणि वर सगळे म्हणतात, काय गोडी आहे. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी हा मध घरोघर जातो. माझ्या घरी कोणी आणला तर मी भांडे उंबऱ्याबाहेर ठेवतो. मुंग्यांना नाव-गाव नसते, त्यांनी खावा.

मागच्या खेपेला कारवी फुलली तेव्हा लढाई चालू होती.

दोराच्या धंद्यात मी वारशाने आलो नाही. खालापूरच्या बाजारात हमाली करत होतो, आणि ओझ्याचा दोर खांद्यात रुतला की तो कसा वळला आहे ते मला कळे. वाईट वळलेला दोर एका जागी चावतो. चांगला दोर सगळीकडे सारखा दाबतो. हमाली सोडली तेव्हा माझ्याजवळ दोन खांदे आणि एवढे ज्ञान होते. त्यावर मी कर्जतच्या बाजारात जागा केली. मला भाव करताना कोणी हरवलेले नाही, आणि राग आल्यावर कोणी आवरलेले नाही. दोन्ही गोष्टी धंद्याला लागतात.

लढाईने काथ्या गेला, तागाची पोती गेली, जे जे म्हणून बांधायला उपयोगी पडते ते सगळे सरकारच्या पोटात गेले. तेव्हा लोकांना माझी अंबाडी आठवली. विहिरीला दोर माझा, बैलाला कासरा माझा, भाताचे भारे आवळायला दोरी माझी. त्या वर्षी खोपोलीपासून नेरळपर्यंत जे काही लोंबकळत होते ते माझ्या दोरावर लोंबकळत होते, असे मी म्हणत असे, आणि ते फारसे खोटे नव्हते.

रानात माणूस अडकला की दोराची किंमत कळते. बाजारात तो नुसता वेटोळे घालून पडलेला असतो, गिऱ्हाईक पायाने बाजूला सारते. पण ओढ्याला लोंढा आला आणि पलीकडे जायचे असले, की पलीकडच्या झाडाला बांधलेली एक दोरी म्हणजे पूल. पाय मोडला तर दोन काठ्या आणि दोरी म्हणजे नवा पाय. पाणी खोल असले तर तहान आणि भांडे यांच्यामध्ये दोरीच असते. जवळ दोर नसला तर रान देते: केवणीच्या फांदीची साल वरून खाली एका ओढीत सोलून निघते, पळसाचे मूळ ठेचले की वाख मोकळा होतो, कोवळा वेल आगीवर धरून पिरगळला की वाकतो आणि मोडत नाही. हे सगळे कामचलाऊ. एका दिवसाचे सोबती. जिथे माणसाचा जीव टांगायचा तिथे तीन पेडी वळलेला, भिजवून ताणलेला, उन्हात वाळवलेला दोर लागतो. माझा लागतो.

आणि गाठ लागते. दोर वळणारा एक, गाठ मारणारा दुसरा. आणि घोळ होतो तो या दोघांच्या मध्ये. निरगाठ जितके ओझे येईल तितकी आवळत जाते, सोडवायची तर नखे तुटतात. सुरगाठ एका हिसक्यात सुटते. ती त्यासाठीच आहे. गोठ्यातले जनावर सुरगाठीने बांधतात, आग लागली किंवा जनावराला गळफास बसला तर मोकळा पदर ओढला की झाले. ज्याने जन्मभर गुरे बांधली त्याचे हात विचारून गाठ मारत नाहीत. ते आपले सुरगाठ मारून मोकळे होतात.

दोर मात्र खोटे बोलत नाही. तुटलेल्या दोराचे टोक केरसुणीसारखे फुलते, पेड तिन्ही दिशांना जातात. सुटलेल्या दोराचे टोक जसेच्या तसे असते, फक्त जिथे गाठ होती तिथे त्याला थोडा वाक आलेला असतो. आंधळ्यालासुद्धा हाताने कळेल. मग डोळे असलेल्या माणसांना का कळू नये, याचा विचार मी सात-आठ वर्षे करतो आहे, आणि उत्तर दर वेळी तेच येते. त्यांना कळले होते.

त्या वर्षी कार्तिकात नवशा ठाकर बाजारात आला. वीजघराला पाणी नेणाऱ्या मोठ्या नळांच्या पलीकडे, कड्याखाली त्यांची वाडी. कारवीच्या वर्षी त्या कड्यावर आग्या माश्यांची पोळी सुपाएवढी होतात आणि ती काढायला नवशासारखा माणूस नव्हता. बारीक, काळा, सतत हसणारा. त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा गोमा, म्हणजे त्याच्या बायकोचा, बुधीचा भाऊ. गोमा गावची गुरे राखत असे. तो हसत नसे.

नवशाने दोर उचलला, ताणला, हुंगला, खाली टाकला.

"वास मारतोय, शेट."

"मग जा, गुलाबाचा दोर वळून आण."

"जरा बारीक वाटतोय."

"तू जाडा झालायस का? आजवर काय खात होतास?"

"धा जागी बघून येतो."

"ये. धा ठिकाणी काथ्या सरकारनं नेलाय. तिथं नुसता दुकानदार लोंबकळतोय, त्याला धरून उतर."

तो हसला. मेणाच्या बदल्यात दोर ठरला. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मेणाचा वाटा मी कोणावर सोडत नाही, म्हणून पोळे काढताना मी येणार हे तिथेच ठरवून टाकले. नवशा म्हणाला, "या की. माश्यांना बी नवीन तोंड बरं."

त्या वेळी मला त्यांची रीत प्रथम कळली. कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर वर त्याचा मेव्हणाच धरतो. गाठ मेव्हण्याची, पहारा मेव्हण्याचा. दुसऱ्या कोणी त्या गाठीला बोट लावायचे नाही. कारण साधे. सख्खा भाऊसुद्धा वाट्यावरून दोर सोडेल, पण बायकोचा भाऊ आपल्या बहिणीचे कुंकू हातात धरून बसलेला असतो.

"आणि ज्याला मेव्हणा नाही त्यानं काय करायचं?" मी विचारले.

"त्यानं गूळ खायाचा, शेट," नवशा म्हणाला.

तांबडे फुटायच्या आत आम्ही कड्यावर होतो. दव इतके पडले होते की कारवीतून चालताना कपडे भिजून अंगाला चिकटले. फुले गळायला आली होती आणि त्यांचा चिकट रस हाताला, तोंडाला, मानेला लागत होता. वाडीतला म्हातारा धर्मा, नवशाचा चुलता, आणि दोन गडी ओल्या पाल्याच्या चुडी पेटवत होते. माश्यांना अजून ऊब लागली नव्हती. कड्याच्या पोटातून त्यांचा आवाज येत होता, एखादे जाते दूर कुठे दळत असावे तसा.

कड्याच्या काठावर खडकात मुळे रोवून पिंपळाच्या जातीतली एक पायर उभी होती. गोमाने तिच्या बुंध्याला दोर बांधला. अंधूक होते. मी म्हणालो, "गोमा, गाठ बघू दे. नवा दोर आहे."

"दोर तुमचा, शेट. गाठ माजी."

"अरे, पण हात लावून बघतो."

धर्मा मधे आला. "ऱ्हाऊ द्या शेट. मेव्हण्याच्या गाठीला दुसऱ्याचा हात लागला तर उतरनार नाय त्यो."

मी मागे सरलो. रीत त्यांची, कडा त्यांचा.

नवशा कमरेला दोर बांधून खाली गेला. धूर वर आला, मग माश्यांचा आवाज बदलला, मग नवशाची एक हाक. त्याने कड्याला पाय मारला असावा, कारण दोराला जोराचा हिसका बसला. आणि मी बघितले. झाडाच्या बुंध्याभोवतीचा दोर उलगडला, शांतपणे, दुपारी आळस दिल्यासारखा. सुरगाठीचा मोकळा पदर मुळीला अडकला की गोमाच्याच पायाखाली आला, देव जाणे. दोराचे टोक माझ्या पायाजवळून गवतातून सरसरत गेले आणि काठावरून दिसेनासे झाले. साप निघून जावा तसे. तो आवाज मला आजही कुठेही ऐकू येतो. बायको सुपातून तांदूळ ओतते तेव्हासुद्धा.

अर्ध्या ताडाएवढ्या खोलीवर एक पडवीसारखी कड होती आणि तिच्यावर कारवी दाट माजली होती. तिने त्याला झेलले. खालून शिव्या ऐकू आल्या तेव्हा आम्ही श्वास घेतला. मेलेला माणूस शिव्या देत नाही.

पण दोर त्याच्याबरोबर खाली गेला होता. वर आमच्याकडे काही नव्हते. मग जे चालले ते मी सांगतो, कारण पुढे कोणी ते सांगितले नाही. मी केवणी शोधली. गड्यांनी फांद्या तोडल्या, मी साल सोलली, पट्ट्या एकीला एक निरगाठीने जोडत गेलो. पुरेना म्हणून धर्माचे मुंडासे जोडले, माझे धोतर फाडून जोडले. पदराला धोंडा बांधून ती चिंधी खाली सोडली. "नवशा, दोराचं टोक बांध ह्याला," मी ओरडलो. "निरगाठ मार, तुझ्या मेव्हण्यासारखी नको." त्याने बांधले. आम्ही वर ओढले. दोर वर आला, आणि या खेपेला झाडाला गाठ मी मारली. तेव्हा कोणाला रीत आठवली नाही. सगळे माझ्या हातांकडे बघत होते, जणू काही मी त्यांच्या पाच पिढ्यांचा मेव्हणा.

गोमा त्या दोराला धरून खाली गेला. नवशाचा पाय मांडीत मोडला होता. कारवीच्या काठ्या दोन्ही बाजूंना लावून, केवणीच्या सालीने आवळून त्याने पाय सरळ केला, दोराचे दोन वेढे मांड्यांखालून आणि एक बगलेतून घेतला आणि हाक दिली. आम्ही ओढत राहिलो. दोर कड्याच्या धारेवर घासत होता, पाणी गाळत होता, करकरत होता. एक पेड उसवला नाही. एक तंतू नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो, नवशाकडे नाही, हेही सांगून टाकतो. लेकराकडे बघावे तसे मी बघत होतो.

नवशाला गवतावर निजवले तेव्हा बुधी धापा टाकत वर पोचली. ओरडा वाडीपर्यंत गेला होता. गोमाही मागून कपारी धरत वर आला होता आणि बाजूला उभा होता, हात लोंबत होते. बुधीने नवऱ्याकडे बघितले नाही. भावाकडे बघितले.

"काय झालं?"

गोमाने लोंबणारे हात पाठीमागे नेले.

नवशाचे ओठ पांढरे पडले होते. तो जमिनीवरून म्हणाला, "दोर तुटला गं."

मला वाटले त्याला भ्रम झाला. पण धर्मा लगेच म्हणाला, "तुटला. नवा दोर, काय भरवसा." आणि दोन्ही गड्यांनी माना डोलावल्या.

"तुटला?" मी म्हणालो. "मग तुला वर कशानं ओढला? मेव्हण्याच्या मिशीनं?"

"शेट, त्याला पानी पाजू द्या आदी," धर्मा म्हणाला.

"पाज. आणि पाजून झालं की हे बघ. हे झाड, हा दोर, हा तुझा पुतण्या. मधे कुठं तुटलाय ते दाखव."

कोणी दाखवले नाही. बुधीची नजर मात्र झाडापासून निघाली आणि दोरावरून चालत चालत नवशाच्या कमरेपर्यंत आली. मधे कुठे थांबली नाही, कारण मधे थांबण्यासारखे काही नव्हते. मग तिने भावाकडे पुन्हा एकदा बघितले, पदर कमरेला खोचला आणि नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले.

"तुटला तर तुटला," ती म्हणाली. "मानूस हाय न्हवं."

झाले. डोंगरावर ठरले ते माझ्या आधी बाजारात पोचले. ठरलेल्या मेणाऐवजी तोच दोर परत घेऊन मी खाली उतरलो तोवर मिरचीवाली सगुणाबाई, जिची पाटी माझ्या शेजारी असते, मला म्हणाली, "शेट, जरा सुतळी द्या की मिरच्या बांधाया. मिरच्या पडल्या तर त्यांच्या तंगड्या मोडत नाईत." पुढच्या बाजारी मी तुटकेशेट झालो. विहिरीचे दोर परत आले. एकाने बैलाचा कासरा आणून टाकला. त्याच्या बैलाला कड्यावरून उतरायचे होते की काय, मी विचारले. तोच दोर मी दुकानाच्या तोंडाशी टांगला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणीही हात लावून बघावा म्हणून. लोक हात लावत आणि म्हणत, "हा दुसरा असंल."

मी वाडीवर गेलो. नवशा ओसरीवर काठ्यांत पाय बांधून पडला होता आणि गोमा त्याच्या पायाला कसला तरी लेप लावत होता. बुधीने भोपळ्यात मध आणून पुढे ठेवला. त्याच्यावर आधीच दोन मुंग्या बुडून मेलेल्या होत्या.

"खा शेट."

"मध नको. ह्याला बरं वाटलं की बाजारात आण आणि चार माणसांत सांगू दे."

"काय सांगू?" नवशा म्हणाला.

"गाठ सुटली म्हणून."

गोमाने लेपाचे भांडे खाली ठेवले आणि उठून गुरांकडे गेला. तो दिसेनासा होईपर्यंत बुधी त्याच्याकडे बघत राहिली.

"मेव्हन्याची गाठ सुटली, असं आमच्यात म्हनत नाईत, शेट," बुधी म्हणाली. "उद्या वाडी म्हनंल, भावानंच बहिनीचं कुकू सोडलं. मग त्यानं कुटं जायाचं? मी कुनाच्या घरी जायाचं?"

"आणि माझ्या दोरानं कुठं जायचं?"

"दोराला काय आई हाय, बाप हाय? त्याला बोललं तर कोन रडतंय?"

"मी रडतो," मी म्हणालो.

दोघेही हसले. नवशा तर पाय धरून हसला. मी विनोद केला नव्हता.

ती हसणारी तोंडे आणि त्या भोपळ्यातल्या मुंग्या एकत्रच माझ्या मनात बसल्या आहेत. मी वाटेत ओकलो. लोक म्हणतील रागाने. रागाने मी ओरडतो, ओकत नाही. ती शिसारी होती. एका घराची लाज राखायची म्हणून एवढी माणसे एका शब्दावर एक झाली, कोणी कोणाला शिकवले नाही, कोणी शपथ घातली नाही, आणि सगळ्यांना आपण फार चांगले वागलो असे वाटले. चांगुलपणा त्यांचा, आणि तो फेडायला नाव माझे. मला कोणी लुटले असते तर मी त्याच्या दारात बसलो असतो. पण ज्यांनी मला लुटले ते सगळे दयाळू होते. दयाळू माणसाच्या दारात बसून काय मागायचे?

कधी कधी डबक्यात पेंढ्या दडपताना मनात येते, की शब्दही असाच सडवला जातो. "सुटला" हा चांगला उभा शब्द होता. तो पाण्यात दाबला, वर धर्मासारखे चार धोंडे ठेवले, आणि त्यातून "तुटला" असा वाख काढून वळला. तो वळलेला शब्द इतकी वर्षे टिकला आहे. माझा कुठला दोर एवढा टिकला नाही. लढाई संपली, स्वराज्य आले, काथ्या पुन्हा बाजारात आला. मी पडत्या काळात मसाल्याच्या पुड्यांची सुतळी वळून दिवस काढले आणि पुन्हा उभा राहिलो. विहिरीचे दोर पुन्हा माझेच आहेत. पण कड्याचा दोर कोणी माझ्याकडून नेला नाही. आणि नाव तुटकेशेट ते तुटकेशेटच.

आणि यंदा कारवी फुलली.

परवाच्या बाजारी बुधी आली. डोक्यावर पाटी, पाटीत मेणाचे गोळे. केस पिकले आहेत. नवशा लांब, पाराच्या कट्ट्यावर पाय पसरून बसला होता आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता. बुधीने पाटी उतरवली आणि दोरांच्या वेटोळ्यांवरून हात फिरवला.

"कड्याचा द्या."

शेजारी सगुणाबाईचा तराजू थांबला.

"तुटतो माझा," मी म्हणालो.

"द्या तर खरं."

"कोण उतरणार?"

"ह्येच."

"लंगडा?"

"चालाया लंगडं हायत. लोंबकळाया नाय."

"आणि वर कोण बसणार?"

"गोमा. दुसरा कोन? माजा भाऊ एकच हाय."

मी मुद्दाम सगळ्यांत जाड दोर काढला आणि सगळ्यांत जास्त भाव सांगितला. तिने निम्म्यावर आणला. मी पुन्हा वर नेला. या बाईशी भाव करताना बरे वाटते हे मी अजून कबूल करायला तयार नाही. शेवटी ठरले. मी दोर गुंडाळू लागलो तेव्हा तिने वेटोळ्यावर हात ठेवला.

"शेट, गाठ तुमीच मारून द्या."

मी तिच्या तोंडाकडे बघितले. तिने पदर नीट केला आणि मिरच्यांकडे बघत राहिली. ज्या गाठीला दुसऱ्याचे बोट लागले तर माणूस कडा उतरत नाही, ती गाठ ती भर बाजारात माझ्याकडे मागत होती. पाराकडे बघितले. नवशा आता माझ्याकडे बघत होता.

"का? तुझा भाऊ आहे ना?"

"हाय की. त्यो बसंल. गाठ तुमची आसू दे."

मला ओरडावेसे वाटले की ऐका रे, ऐका सगळे. पण काय ऐकवणार? बाई दोर घेत होती आणि दुकानदाराकडून गाठ मारून मागत होती. बाजारात हे रोज होते.

दोराच्या टोकाला मी हाताएवढा फासा धरला, पेड उसवून टोक त्यात तीनदा ओवले, पायाने दाबून आवळले आणि वर निरगाठ घातली. झाडाभोवती दोर घालून दुसरे टोक या फाशातून ओढून घेतले की झाले. वर कोणाला काही बांधावेच लागत नाही. मेव्हण्याने नुसते बसायचे, विडी ओढायची. ते मी तिला दोनदा समजावले. घाम आला. हाताला अंबाडीचा वास सुटला होता, ती नाकाला पदर न लावता वाकून बघत होती.

"नीट बघ गं," सगुणाबाई पाटीवरून वाकून म्हणाली, "सुटंल बिटंल."

"सुटायची नाय," बुधी म्हणाली. "तुटला तर तुटला."

आणि पदर तोंडाशी नेऊन ती हसली. पारावरचा लंगडाही हसला असावा. त्याचे खांदे हलत होते.

माझ्या डोक्यात रक्त चढले. भाव ठरून गेला होता, तरी मी मेणाचा एक गोळा जास्त मागितला. मिठाच्या खड्यासाठी अर्धा बाजार गोळा करणारी ती बाई. तिने गोळा काढला, माझ्यासमोर ठेवला, दोर खांद्यावर टाकला आणि एक शब्द न बोलता चालू लागली. मी इकडेतिकडे बघितले. त्या गोळ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्याला अजून मधाचा वास येत होता. मी तो फडक्यात गुंडाळून लांब ठेवला.

"तुटकेशेट," सगुणाबाई म्हणाली, "तेवढी सुतळी द्या की तोडून."

मी हाताभर सुतळी ओढली आणि हिसका दिला. तुटेना. दातात धरली, तरी तुटेना. ती बघत होती. शेवटी तिचाच विळा मागून घेतला आणि कापून दिली.